'टेररिस्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

मजकूरवाली

मंडळी, अडले आहे. राजकीय हिंसेच्या इतिहासावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करते आहे. पहिली दोन प्रकरणं सुरळीत गेली. तिसऱ्यात रशियातली 'नरोद्नाया वोल्या' ही गुप्त संघटना आली, १८८१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरला बॉम्बने मारणारी. ही मंडळी स्वतःला बिनदिक्कत 'टेररिस्ट' म्हणवून घ्यायची. तिथे 'दहशतवादी' लिहून पुढे सरकले.

पाचव्या प्रकरणात लेखक बंगाल आणि पंजाबात उतरला आणि त्याने तोच शब्द भगतसिंगांच्या पिढीला लावला. माझ्या बोटांनी मला न विचारता 'क्रांतिकारक' टाइप केलं. तासाभराने लक्षात आलं की मी चोरी केली आहे. मग वाटलं, मागे जाऊन रशियन मंडळींनाही क्रांतिकारक करून टाकावं. पण सातव्या प्रकरणात २६/११ आहे, आणि शब्द पुन्हा तोच.

म्हणजे इंग्रजीत एक शब्द आणि माझ्याकडे तीन: दहशतवादी, अतिरेकी, क्रांतिकारक. कुठला कुठे वापरायचा हे मला बरोबर कळतंय, पण कशावरून कळतंय ते सांगता येत नाही. तुम्ही काय कराल?

रिकामटवळा

धागा शंभरी गाठणार. पहिल्या रांगेतली जागा धरून ठेवतो.

तिरपागडा

यात अडण्यासारखं काय आहे? भगतसिंगांना दहशतवादी म्हणणारं पुस्तक अनुवादाला घ्यायचंच कशाला? इतिहासकार बिपन चंद्र आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकात 'क्रांतिकारी दहशतवादी' असं लिहिलंय म्हणून २०१६ साली थेट संसदेत आवाज उठला होता. दिल्ली विद्यापीठाने हिंदी आवृत्तीची विक्री थांबवली. तुमच्या प्रकाशकाला हे माहीत आहे ना?

दुसरी_आवृत्ती

तिरपागडा, प्रकाशकाची काळजी प्रकाशक घेईल. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

बिपन चंद्रांनी तो शब्द शिवी म्हणून वापरला नव्हता आणि तसा खुलासाही केला होता. तेही राहू द्या, खुद्द त्या पिढीचं काय म्हणणं होतं ते बघा. जानेवारी १९३० मध्ये भगतसिंगांचे साथी भगवतीचरण व्होरांनी लिहिलेलं 'बॉम्बचे तत्त्वज्ञान' हे पत्रक निघालं. गांधीजींच्या टीकेला ते उत्तर होतं. त्यात साफ म्हटलंय की दहशतवाद म्हणजे संपूर्ण क्रांती नव्हे, पण त्याच्यावाचून क्रांती पुरीही होत नाही. वर्षभराने, फेब्रुवारी १९३१ मध्ये, भगतसिंग तुरुंगातून तरुण कार्यकर्त्यांना लिहितात की मी दहशतवादी नाही आणि कधी नव्हतो. अपवाद असलाच तर कदाचित सुरुवातीच्या काळाचा. नुसत्या बॉम्ब-पिस्तुलांनी काही साधणार नाही, हेही त्याच पत्रात आहे.

म्हणजे एकाच संघटनेतले दोन साथी, एक म्हणतो 'हो, ती आमची पायरी आहे', दुसरा म्हणतो 'ती पायरी मी ओलांडली'. दोघांच्या लेखी ते एका मार्गाचं नाव होतं. जसा सत्याग्रह, तसा हा. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, बंगालात इंग्रजांनी जो कायदा केला त्याच्या नावातच 'टेररिस्ट आउटरेजेस' होतं. तिथे मात्र ती शिवी.

आणि त्याही मागे जा. हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीतला. १७९३-९४ चं ते दहशतपर्व कुठल्या टोळीने चालवलं नव्हतं, ते राज्यकर्त्यांनीच चालवलं. फेब्रुवारी १७९४ मधल्या भाषणात त्या राज्यकर्त्यांचा म्होरक्या रोबेस्पिएर दहशतीला सद्गुणाच्या शेजारी बसवतो, उघडपणे, धोरण म्हणून. जुलैमध्ये त्याचंच डोकं उडालं आणि मग त्याच्या माणसांना 'टेररिस्ट' म्हणायला सुरुवात झाली. थोडक्यात, या शब्दाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव 'सरकार' आहे.

उगाच_एक

'बापाचं नाव सरकार'. वहीत उतरवून घेतलं. आणि आज मुलगा घराबाहेर काढलाय, बाप म्हणतो मी ओळखत नाही.

काढा_कषाय

अवांतर, पण राहवत नाही. हिंदीवाले 'आतंक' म्हणतात तो आमच्या धंद्यातला शब्द. चरकाच्या निदानस्थानात रोगाचे पर्याय दिलेत: व्याधी, आमय, गद, आतंक, यक्ष्मा, ज्वर, विकार, रोग. सगळ्यांचा अर्थ एकच. त्या हिशेबाने आतंकवाद म्हणजे रोगवाद.

आपली 'दहशत' फारसीतून आली, मूळ अरबी. तिकडे त्या शब्दात भांबावून जाणं, थक्क होणं असा अर्थ आहे. अरबीत सुंदर गोष्ट पाहूनही माणसाला 'दहशा' होऊ शकते!

रिकामटवळा

आमच्या बॉसचा मेल आला की मला होते ती कुठली, अरबी की मराठी?

खडूस_उपसंपादक

आता माझी पाळी. तीस वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे हा शब्द मी सिद्धांत म्हणून नाही, मथळ्यात बसतो की नाही म्हणून ओळखतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आम्ही सरसकट 'अतिरेकी' लिहायचो. त्यामागे काही विचार होता असं समजू नका. अतिरेकी एका कॉलमात मावतो, दहशतवादी मावत नाही.

एका रात्री एकाच हल्ल्याच्या दोन एजन्सींच्या बातम्या टेबलावर होत्या. एकीत हल्लेखोरांना टेररिस्ट म्हटलं होतं, दुसरीत नुसतं 'गनमेन'. रॉयटर्सचा पूर्वीपासूनचा शिरस्ता आहे, कुणाच्या तोंडचं वाक्य असल्याशिवाय स्वतःहून तो शब्द लावायचा नाही. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरही ते त्यावर टिकून राहिले आणि भरपूर शिव्या खाल्ल्या. बीबीसीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये यावरूनच गदारोळ झाला. तर मी त्या रात्री 'बंदूकधारी' लिहिलं. सकाळी पहिलाच फोन एका बाईंचा. आवाज अजिबात चढलेला नाही. म्हणाल्या, "तुमच्या घरचं कोणी त्यात असतं तर हाच शब्द लिहिला असता का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण पुढचं ऐका. काही महिन्यांनी एका दंगलीची बातमी आली. घराला बाहेरून कडी लावून आतली माणसं जाळली होती. मी मथळा दिला, 'जमावाने घर पेटवले, पाच ठार'. त्या सकाळी एकही फोन आला नाही. 'जमाव' का लिहिलंत, दहशतवादी का नाही, असं कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मलाही त्या रात्री सुचलं नव्हतं. ते जळलेले लोक ज्या वस्तीतले होते तिथल्या बाकीच्यांनी दोन दिवसांत घरं सोडली. दहशत याहून वेगळी काय असते?

मजकूरवाली

खडूसकाका, 'कडी' या शब्दापाशी थांबले होते बराच वेळ.

तिरपागडा

उपसंपादकसाहेब, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण 'बंदूकधारी' ही पळवाट आहे. बँकेच्या दारातला वॉचमनही बंदूकधारी असतो. २६/११ ला १६६ माणसं गेली, त्यांना मारणाऱ्या दहांना बंदूकधारी म्हणणं हा मेलेल्यांचा अपमान आहे. काही ठिकाणी शब्द बोथट करणं म्हणजे बाजू घेणंच.

खडूस_उपसंपादक

२६/११ बद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तिथे माझा हात आजही अडखळणार नाही. तो अडखळतो ते पुढच्या पायरीवर: पोलिसांनी ज्याला त्या दिवशी सकाळी उचललं त्याला मी संध्याकाळच्या बातमीत काय म्हणू? 'संशयित' हा शब्द मथळ्यातून सगळ्यात आधी गळतो. तोही मावत नाही.

कलम_पोटकलम

खडूसकाकांनी नस पकडली. कोर्टात या शब्दाचं काय होतं ते सांगतो.

आधी आंतरराष्ट्रीय गंमत. १९३४ मध्ये मार्सेलमध्ये युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाला. त्यावरून राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये दहशतवादविरोधी करार केला. तो रीतसर मंजूर करणारा देश एकच निघाला: भारत! (अर्थात तेव्हा सही करणारा हात कुणाचा ते वेगळं सांगायला नको.) करार अमलात आलाच नाही. पुढे १९९६ साली संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तोही भारताने. तो आजतागायत व्याख्येवर अडलेला आहे. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना वगळायचं का आणि देशांच्या फौजांना वगळायचं का, हे दोन खिळे निघत नाहीत. आणि दरम्यान २००१ मध्ये सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव करून सगळ्या देशांना फर्मावलं की दहशतवादाविरुद्ध कडक कायदे करा. दहशतवाद म्हणजे काय ते मात्र त्या ठरावात नाही. प्रत्येकाने घरी जाऊन आपापली व्याख्या लिहिली.

आपल्याकडचे दहशतवादविरोधी कायदे म्हणजे टाडा १९८५ ते १९९५, पोटा २००२ ते २००४, आणि मग तेच सगळं १९६७ च्या यूएपीएत घातलं गेलं. त्याच्या कलम १५ मध्ये दहशत माजवण्याचा 'हेतू' आहेच, शिवाय दहशत माजण्याची 'शक्यता' असली तरी चालते. २०१२ मध्ये देशाच्या आर्थिक सुरक्षेला धोका हेही त्या व्याख्येत आलं, २०१९ पासून सरकार संघटनेप्रमाणे एखाद्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करू शकतं. खटला चालण्याआधी.

आता सरळ प्रश्न. कसाबला फाशी द्यायला हा शब्द लागत होता का? खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं ही दोन्ही कलमं १८६० च्या दंडसंहितेत होती, दोन्हींना फाशी होती. शब्दाने शिक्षा फारशी वाढत नाही. शब्दाने वाढतो तो शिक्षेआधीचा काळ. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत, आणि आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाही.

२००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांत खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांची हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये सुटका केली (सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला म्हणून वापर करायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही). त्यानंतर दहा दिवसांनी २००८ च्या मालेगाव खटल्यात सातही जण निर्दोष सुटले. त्या दहा दिवसांतल्या प्रतिक्रिया मी जपून ठेवल्यात. पहिल्या निकालाला 'न्याय' म्हणणारे दुसऱ्याला 'अन्याय' म्हणत होते, आणि उलट. स्फोटांत गेलेल्यांचे नातेवाईक मात्र दोन्हीकडे एकच विचारत होते: मग केलं कुणी?

आर्क्टिक_ससा

वातावरण जड झालंय, म्हणून एक खरी घडलेली गोष्ट. २००८ च्या ऑक्टोबरात मी रेक्याविकला शिकत होतो. आइसलँडच्या बँका कोसळल्या, त्यात ब्रिटनमधल्या ठेवीदारांचे पैसे अडकले. तर ब्रिटन सरकारने ८ ऑक्टोबरला लान्ड्सबांकी बँकेची तिथली मालमत्ता गोठवली, आणि ती कशाखाली? २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली. ब्रिटिश खजिन्याच्या निर्बंधांच्या यादीत अल कायदा, तालिबान आणि लान्ड्सबांकी! ज्या देशाकडे स्वतःचं लष्करसुद्धा नाही, त्या देशाची बँक.

लोक खवळले, पण त्यांच्या पद्धतीने. 'आम्ही दहशतवादी नाही' अशा पाट्या धरून फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. तान्ही बाळं, आजोबा, मेंढ्या. माझ्या घरमालकीण सत्तरीच्या. त्यांनी मला कॅमेरा धरायला लावला, स्वतः अर्धवट विणलेला स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या आणि विणायच्या सुया दोन्ही हातांत उगारून म्हणाल्या, "शस्त्रं नीट दिसू देत."

कलम_पोटकलम

किस्सा झकास. एक तांत्रिक दुरुस्ती: त्या कायद्याच्या नावात दहशतवादाबरोबर 'गुन्हे आणि सुरक्षा' हेही होतं, आणि मालमत्ता गोठवण्याचं ते कलम देशाच्या अर्थव्यवस्थेला धोका असला तरी लावता येत होतं. ब्रिटिश सरकारने तसा बचावही केला.

आर्क्टिक_ससा

हो, हे आजींना समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मग कायद्याचं नाव बदला.

सांजवारा_२

हे सगळं वाचून मी उलट टोकाला चाललोय. पुढे इस्रायलचा पंतप्रधान झालेला मेनाखेम बेगिन आधी इर्गुन या सशस्त्र ज्यू संघटनेचा म्होरक्या होता. १९४६ मध्ये इर्गुनने जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं, ९१ माणसं मेली. १९७८ मध्ये त्यालाच शांततेचं नोबेल. मंडेलांना नोबेल १९९३ मध्ये, आणि अमेरिकेच्या दहशतवादी-यादीतून नाव निघालं २००८ मध्ये, तोवर ते राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते. सीरियाचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अल-शरावर अमेरिकेने आधी एक कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच व्हाइट हाउसमध्ये पाहुणा. एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक, हेच खरं. शब्दाला अर्थ उरलेलाच नाही, फेकून द्या.

दुसरी_आवृत्ती

सांजवारा, तुमची उदाहरणं बरोबर, पण ते घासून गुळगुळीत झालेलं वाक्य चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. स्वातंत्र्यसैनिक हे 'कशासाठी' याचं उत्तर. दहशतवादी हे 'कसं' याचं उत्तर. एकच माणूस दोन्ही असू शकतो, किंवा एकही नसू शकतो. उंच की गोरा, असं विचारतो का आपण?

मी माझ्यापुरती खूण ठरवली आहे. खुनात ज्याला मारायचं असतं तोच मरतो. दहशतवादात पत्र एकाच्या नावाचं असतं आणि ते दुसऱ्याच्याच देहावर लिहिलं जातं. लोकलमधल्या माणसाशी कुणाचंच भांडण नव्हतं. त्याला मारून कुणाला तरी काहीतरी कळवायचं होतं. याद्यांमध्ये कुणाचं नाव चढतं-उतरतं ते राजकारण, पण डब्यात काय झालं ते बदलत नाही.

आणि ही खूण खुद्द ते लोकही ओळखत होते. फेब्रुवारी १९०५, मॉस्को. इव्हान काल्यायेव बॉम्ब घेऊन ग्रँड ड्यूक सर्गेईच्या घोडागाडीसमोर आला, हात वर गेला आणि आत ड्यूकच्या शेजारी बायको आणि भावाची दोन मुलं दिसली. हात खाली आला. बॉम्ब घेऊन तो परत गेला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने तो टाकला, फाशीही गेला. सोवळं-ओवळं म्हणून नाही सांगत, पण त्याच्या मनात रेघ होती.

उगाच_एक

सर, मग मजकूरवालीच्या तिसऱ्या प्रकरणाचं काय? नरोद्नाया वोल्याला झारच मारायचा होता, झारच मेला. तुमच्या खुणेने ते दहशतवादी ठरतच नाहीत. आणि ते तर स्वतः म्हणवून घेत होते!

दुसरी_आवृत्ती

पकडलंत. पण त्या दिवशी दोन बॉम्ब पडले. पहिल्याने झार वाचला. बळी गेले एक कोसॅक शिपाई आणि रस्त्यावरून जाणारा एक मुलगा. १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब इंग्रज न्यायाधीश किंग्जफोर्डसाठी होता, गाडीत निघाल्या केनेडी मायलेकी. हेतूत रेघ असते, बॉम्बला ती दिसत नाही. त्यामुळे माझी खूण गळकी आहे हे मान्य. श्मिड आणि योंगमन या अभ्यासकांनी १९८८ मध्ये १०९ व्याख्या गोळा केल्या होत्या, ही ११०वी समजा.

तिरपागडा

आणि विमानातून शहरावर बॉम्ब टाकून सरकारला शरण आणायचं, ते? पत्र सरकारच्या नावाचं, देह लोकांचे. तुमच्याच खुणेने विचारतोय. मी वाद घालायला आलो होतो, आता खरंच विचारतोय.

कलम_पोटकलम

हाच तो दुसरा खिळा. फौजांसाठी युद्धाचे वेगळे कायदे आहेत, नागरिकांना मारणं तिथेही गुन्हाच आहे, असं उत्तर देश देतात. ते खोटं नाही. पण तिथे त्याचं नाव 'युद्धगुन्हा', आणि त्या नावाने कुणाचा जामीन अडत नाही, कारण मुळात अटकच क्वचित होते.

संपादक मंडळ

चालू घडामोडी आणि पक्षांची नावं घेऊन आलेले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मूळ प्रश्न भाषेचा आहे, कृपया तिकडे या.

पाटीपेन्सिल

आलेच. जुनी मराठी वाचण्याचा नाद आहे म्हणून सांगते. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत अहिंसक असहकाराला 'अनत्याचारी असहकार' म्हणत. म्हणजे हिंसा करणारा तो 'अत्याचारी'. आज अत्याचारी म्हटलं की जुलूम करणारा डोळ्यांपुढे येतो, तेव्हा त्यात नुसतं 'हिंसेच्या मार्गाचा' एवढंच होतं. शब्द असे सरकतात.

आणि मजकूरवाली, तुझ्या प्रश्नापायी एका माणसाला सहा वर्षांची शिक्षा झाली आहे हे लक्षात ठेव. सर आत्ता मुझफ्फरपूर म्हणाले ना, त्यावरच टिळकांनी केसरीत लिहिलं. ९ जून १९०८ चा अग्रलेख, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. खटल्यात नऊपैकी बहुतेक ज्यूरींना मराठी येत नव्हतं, त्यांच्यापुढे होतं ते सरकारी भाषांतर. टिळक दिवसेंदिवस उभं राहून हेच सांगत होते की माझ्या शब्दांची इंग्रजी छटा चुकली आहे. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. मंडाले. भाषांतरकाराचं नाव कुणाला आठवत नाही बघ.

मजकूरवाली

पाटीपेन्सिलताई, आज झोप लागायची नाही.

तर काय केलं ते सांगते. तिसऱ्या प्रकरणात 'दहशतवादी' तसाच ठेवला, कारण ते त्यांनी स्वतः घेतलेलं नाव आहे. पाचव्यात जिथे सरकारी कागद बोलतात तिथे अवतरणात 'दहशतवादी', जिथे ते तरुण आपल्या मार्गाबद्दल बोलतात तिथे 'दहशतवादाचा मार्ग', आणि माणसांना 'सशस्त्र क्रांतिकारक'. कंसातली टीप नाही, प्रस्तावनेत एक पान मागून घेतलंय. सातव्यात दहशतवादी, विनाअवतरण. तिरपागडा, प्रकाशकाला विचारलं. तो म्हणाला, पान वाचायला पाठवा.

पण सहाव्यात नवीनच सापडलं. तिथे लेखक सरकारांबद्दल तोच इंग्रजी शब्द वापरतो आणि मी सहज लिहून गेले 'सरकारी दहशत'. 'वाद' गायब! मागे जाऊन पाहिलं तर सगळीकडे तेच. गुंडाची दहशत, पोलिसांची दहशत, जमावाची दहशत. 'वाद' फक्त ठरावीक लोकांना जोडलाय. हे लेखकाने केलेलं नाही, माझ्या बोटांनी केलंय. सहावं प्रकरण परत काढलंय.

खडूसकाका, एक विचारू? तो मथळा आज द्यायचा असता तर?

खडूस_उपसंपादक

'जमावाने' काढला असता. फौजदाराच्या जबाबात तीसेक माणसं होती आणि त्यातल्या काहींना लोक ओळखत होते. 'तीस जणांनी बाहेरून कडी लावली' असा दिला असता. दोन कॉलम लागले असते, घेतले असते.

रिकामटवळा

शंभरीचा अंदाज चुकला. जागा सोडतोय, कुणाला हवी असेल तर बसा.